वेंडलच्या गाडीचा टप

वेंडल स्ट्राउड फेब्रुवारीत गेला, आणि तेव्हापासून त्याची बायको लव्हॉन प्रत्येक गोष्टीला 'चालेल' म्हणायला लागली. शवपेटी अक्रोडाची हवी की ओकची? चालेल. अहो पण कुठली? चालेल. शेजारणी पाळीपाळीने भाजलेल्या मॅकरोनीची भांडी आणून द्यायच्या. ही 'चालेल' म्हणून ती फ्रीजमध्ये ठेवायची आणि आठवड्याने तशीच रिकामी करून, धुऊन परत करायची. रडली मात्र नाही. चर्चमधले लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तशी ती अख्खीच स्वतःची राहिली नव्हती.

म्हणून जुलैच्या शेवटी धाकटा दीर ड्वेन स्वयंपाकघरात आला आणि टोपी हातात धरून म्हणाला, "लव्हॉन, वेंडलच्या गाडीचा टप आणखी दोन इंच कापून घेऊ या का?" तेव्हा ती काय म्हणाली असेल ते वेगळं सांगायला नको.

आता हे टप कापण्याचं प्रकरण. ऑइलडेल गावातली ही सगळी मंडळी जुन्या फोर्ड गाड्यांच्या मागे वेडी. बत्तीस सालची कूप, म्हणजे दोन दारांची छोटी गाडी, घ्यायची, चाकांवरचे पत्रे काढून फेकायचे, इंजिन उघडं करायचं, आणि टप कापून खाली आणायचा. खिडक्यांच्या खांबांतून चार इंच काढले तर तो माणूस. पाच काढले तर मर्द. सहा काढले तर समोरचा रस्ता दिसत नाही, पण मान फार मिळतो. हौसेला मोल नसतं म्हणतात. तिला अक्कलही नसते, पण ते कोणी म्हणत नाही. आणि एकदा कापलेला टप कोणी परत उंच करत नाही. ते त्यांच्यात कुणाच्या डोक्यातही येत नाही.

वेंडलने आपल्या कूपचे कापले होते फक्त दोन इंच. ना धड कापलेला, ना धड न कापलेला. बाकी गाडी अशी की बघत राहावं. इंजिन त्याने स्वतः चार वेळा उघडून बांधलेलं, खालचा पत्रा आरशासारखा, आणि वर तो उंच टप. दुसऱ्याची टोपी चुकून घालून आल्यासारखी ती गाडी दिसायची. ड्वेननेच तिचं नाव 'फोनबूथ' ठेवलं, आणि ते चाळीस वर्षं चिकटलं. जिथे जाईल तिथे कोणीतरी खिडकीवर टकटक करायचं आणि विचारायचं, "वेंडल, आत फोन चालू आहे का रे? बायकोला फोन लावायचाय." वेंडल हसायचा. म्हणायचा, "मापात चुकलो रे. टेप सरकली." लव्हॉनही त्यांच्यात सामील व्हायची. "पिठाच्या चमच्याने मापतो हा," ती सांगायची, आणि मंडळी खिदळायची.

"त्याची एवढी एक चूक राहिली," ड्वेन त्या दिवशी म्हणाला. "तेवढी सुधारून गाडी शर्यतींना मिठाच्या मैदानावर नेऊ. सगळे जुने लोक असतील. या खेपेला कोणी हसणार नाही त्याला." बोलता बोलता त्याचा गळा दाटला. ड्वेनला गळा दाटायला वेळ लागत नसे. लव्हॉन त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. याला रडू येतं आणि मला येत नाही, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तेही फार वेळ टिकलं नाही.

ठरलं असं की ऑगस्टात बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर शर्यती असतात, तिकडे ही कूप चालवतच न्यायची. वाटेत वेंडलच्या आवडीच्या जागा करायच्या. आणि नेवाडात ईली गावी ग्रेशन एचेव्हेरी म्हणून ड्वेनचा दोस्त होता, त्याच्या वर्कशॉपमध्ये थांबून टप कापायचा. ग्रेशनचा हात असा की जोड शोधून सापडत नाही.

पहाटे निघाले. ड्वेन चालवायला, लव्हॉन उजवीकडे, तिच्या नेहमीच्या जागी. मांडीवर पर्स, पायाशी पाण्याचे कॅन. एका बाबतीत लव्हॉनचं नशीब लहानपणापासून तिच्या डोक्यावर बसलं होतं: ती ताडमाड उंच होती. शाळेत पोरं तिला खांब म्हणायची. लग्नाच्या फोटोत ती गुडघे वाकवून उभी आहे, कारण वेंडल जेमतेम तिच्या खांद्याला लागायचा. फोटोत गुडघे दिसत नाहीत, पण तोंडावरून कळतं. त्या वाकण्याची पुढे सवयच झाली. दुकानात, चर्चमध्ये, बायकांच्या घोळक्यात ती पोक काढून उभी राहायची. वेंडल मात्र चारचौघांत तिच्या पाठीत हळूच बोट खुपसायचा आणि काही न बोलता पुढे जायचा. बोट टोचलं की ती सरळ व्हायची. फेब्रुवारीपासून बोट नव्हतं, आणि बाई पुन्हा वाकायला लागली होती.

पहिली जागा फमोसो, शर्यतीची पट्टी. बदामाच्या बागांच्या मधोमध नुसता डांबराचा लांब तुकडा आणि रिकाम्या पायऱ्या. ड्वेन खाली उतरून डांबरावर बुटाने टकटक करत म्हणाला, "इथे. इथेच आम्ही दोघं पहिल्यांदा पळालो. वेंडलचा गिअर अडकला आणि मी जिंकलो. आयुष्यात तेवढंच जिंकलो त्याच्याशी." त्याने डोळे पुसले. लव्हॉन गाडीतच बसून होती. तिला पायऱ्यांवर एक कागदी ग्लास वाऱ्याने घरंगळताना दिसला. ती त्याच्याकडे बघत बसली. एक पायरी, दुसरी पायरी. मग तो अडकला.

डोंगर चढताना इंजिन तापलं, दोनदा थांबले. मोहावी वाळवंटाच्या उन्हात पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. दुपारी एल मिराजच्या कोरड्या तळ्याजवळ व्हर्जिल पोकच्या वर्कशॉपला पोचले. व्हर्जिल म्हणजे या मंडळींतला म्हातारा मठाधिपती. त्याच्या पिवळ्या कूपचा टप इतका खाली की खिडकीतून पत्रं टाकावीत. त्याने लव्हॉनला मिठी मारली, वेंडलबद्दल दोन शब्द बोलला, आणि दोनच शब्दांनंतर त्याची नजर टपाकडे गेली.

"आणलात का हा फोनबूथ," तो म्हणाला.

"कापायलाच नेतोय," ड्वेन घाईघाईने म्हणाला. "ईलीला. आणखी दोन इंच."

"देव पावला. चाळीस वर्षं माझे डोळे दुखतायत याच्याकडे बघून." मग त्याला अवघडल्यासारखं झालं असावं. तो लव्हॉनला म्हणाला, "ये, माझ्या गाडीत बसून बघ. टप कसा असावा ते कळेल."

"चालेल," लव्हॉन म्हणाली.

पिवळ्या गाडीत ती आधी पाय घालून, मग कंबर, मग डोकं अशी हप्त्याहप्त्याने शिरली. टाळू टपाला टेकली. मान उजवीकडे पाडून ती बसली, तेव्हा तिला समोरच्या काचेतून रस्ता न दिसता गाडीचं नाक आणि स्वतःचे गुडघे दिसत होते. व्हर्जिलने तिला त्याच अवस्थेत वस्तीभर फिरवून आणलं. खड्ड्यात गाडी आपटली की टाळूवर ठोसा बसायचा.

"लव्हॉन, तुझ्यासाठी टपाला वरून उघडायचं झाकण ठेवायला पाहिजे," व्हर्जिल म्हणाला.

"सगळ्यांच्याच गाडीत लागतं मला डोकं," ती म्हणाली. ते खरंच होतं. या मंडळींच्या गाड्यांत ती आजवर जेवढ्या वेळा बसली, तेवढ्या वेळा मान मोडून बसली. गाडी म्हटली की असंच, एवढं तिनं धरून ठेवलं होतं. मग ती उतरली, स्वतःच्या गाडीत जाऊन बसली, आणि ड्वेनने चावी फिरवली. आत बसताना तिनं काहीच वाकवलं नाही. पण जे दुखत नाही त्याच्याकडे कोण लक्ष देतं?

दुसऱ्या दिवशी नेवाडाचा तो रस्ता. तासन् तास काही नाही, मग एक टेकडी, मग पुन्हा काही नाही. ड्वेन वेंडलच्या गोष्टी सांगत होता. लव्हॉनला मधेच, कुठल्याही कारणाशिवाय, जळलेल्या बीन्सचा वास आला.

टप कापला त्या दिवसाचा वास. ती तेव्हा तरुण होती, शेगडीवर बीन्स होत्या, आणि वेंडलने गराजमधून हाक मारली. गाडीत बस म्हणाला. ती बसली. "अशी नको. चर्चमध्ये बसतेस तशी नको," तो म्हणाला. "घरी एकटी असताना बसतेस तशी बस." मग त्याने तिच्या डोक्यावर एक लाकडी ठोकळा ठेवला आणि पेन्सिलीने खांबावर काहीतरी खुणा केल्या. पुसल्या, पुन्हा केल्या. "वेंडल, बीन्स लागतील." "हालू नकोस." "वेंडल, वास येतोय." "थांब ना जरा." शेवटी बीन्स लागल्याच. पातेलं वाळूने घासायला लागलं, आणि ती दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. त्या गराजात तिला अशी कामं नेहमीच पडायची. कधी बॅटरी धर, कधी ब्रेक दाबून बस. ठोकळा डोक्यावर घेणं त्यातलंच एक.

"काय गं, हसलीस का?" ड्वेनने विचारलं.

"नाही. बीन्स आठवल्या."

"भूक लागली असेल. ईलीला बास्क लोकांच्या खाणावळीत जेवू."

जेवले. लांब टेबलावर अनोळखी लोकांच्या शेजारी बसून सूप, बीन्स, कोकराचं मटण. ग्रेशन तिथेच भेटला. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस, मेंढपाळांच्या घरातला. त्याने लव्हॉनच्या थाळीत स्वतःच्या हाताने मटण वाढलं. "बाई, एकदा विचारतो," तो म्हणाला. "पत्रा आहे. कापला की कापला. नक्की ना?"

टेबलावर दोघंही तिच्याकडे बघत राहिले. ड्वेनच्या डोळ्यांत एवढी आशा होती की कुत्र्यालाही आपलं हाड द्यावंसं वाटावं.

"चालेल," लव्हॉन म्हणाली.

सकाळी वर्कशॉपच्या कोपऱ्यात तिला खुर्ची दिली, कॉफी दिली. ग्रेशनने काचा उतरवल्या, आतून लोखंडी पट्ट्यांचा आधार दिला, खांबांवर चिकटपट्टी लावून रेघा मारल्या. मग कटर लागला. ठिणग्या उडाल्या, जळक्या रंगाचा वास आला. लव्हॉन बघत होती. हे आपल्या गाडीचं चाललंय हे तिला कळत होतं, पण टीव्हीवर दुसऱ्याच्या गावचं हवामान ऐकावं तसं. कॉफी गार झाली तरी ती पीत राहिली.

दुपारपर्यंत टप सुटला. दोघांनी तो उचलून गाद्यांवर ठेवला. खांबांतून निघालेले तुकडे आणि मागच्या बाजूची लांब पट्टी ग्रेशनने टेबलावर ओळीने मांडली. मग खांबांच्या कडा घासल्या; टप आता नुसता टेकवून बघायचा होता. वेल्डिंगचे टाके नंतर.

"माझ्याकडे एक पद्धत आहे," ग्रेशन हात पुसत म्हणाला. "गाडी ज्याच्या नावावर, तो आधी आत बसतो. तो बरं म्हणाला की मग वेल्डिंग."

"मी बसून बघतो की," ड्वेन म्हणाला.

"तुझ्या नावावर नाही."

लव्हॉन उठली. सवयीने उजवीकडच्या दारातून आत गेली. ग्रेशन म्हणाला, "बाई, चालवायच्या जागी बसा." ती म्हणाली, "मी इथे बसते." ती बसली, पर्स मांडीवर घेतली. दोघांनी टप दोन्ही बाजूंनी उचलून हळूहळू वरून खाली आणला.

टाळूवर पत्रा टेकला.

"जरा मान," ड्वेन बाहेरून म्हणाला. "थोडी उजवीकडे घे. हां. आता बसला बघ. काय दिसतोय, ग्रेशन. काय दिसतोय."

लव्हॉनने मान उजवीकडे पाडली. समोर गाडीचं नाक आणि आपले गुडघे. पिवळ्या गाडीतलं तेच. आणि त्या मोडलेल्या मानेने तिला पहिल्यांदा कळलं की या जागेवर बसून तिनं आजवर एकदाही गुडघे बघितले नव्हते. रस्ता बघितला होता. चाळीस वर्षं, फमोसोला जाताना, मिठावर जाताना, दवाखान्यात शेवटचं जाताना, ती इथे सरळ बसली होती. जगात कुठे सरळ बसली नसेल, ती इथे बसली होती. टप सहा इंच कापला असता तरी वेंडलला स्वतःला आरामात बसता आलं असतं. त्याचं डोकं कशाला लागणार होतं? टेप सरकली नव्हती. तो ठोकळा तिच्या डोक्यावर होता.

आणि तो लोकांचं हसू सोसत राहिला. खरं कारण सांगितलं असतं तर मंडळी एका दिवसात गप्प झाली असती, पण मग त्यांनी तिच्याकडे बघितलं असतं, तिच्या उंचीकडे. तिनं पुन्हा गुडघे वाकवले असते. हे त्याला माहीत होतं. आणि ती, त्याची बायको, पिठाचा चमचा म्हणत होती.

"काढा," ती म्हणाली.

"काय गं, टोचलं का कुठे?" ड्वेनने विचारलं.

"टप काढा. नाही चालणार."

दोघांनी टप उचलला. ती आतच बसून राहिली, डोक्यावर वर्कशॉपचं उंच छत. "ते तुकडे परत लावा," ती म्हणाली. "होतं तसं करा."

"लव्हॉन, अगं काय बोलतेस?" ड्वेन म्हणाला. "कापलेला टप परत उंच? असं कोणी करत नाही. जोड दिसतील. मिठावर लोक काय म्हणतील?"

"त्याने माझ्या डोक्याचं माप घेतलं होतं, ड्वेन. मला बसवून. ठोकळा ठेवून." तिनं हात टाळूवर ठेवून दाखवला. "बीन्स जळल्या त्या दिवशी."

ड्वेनने लव्हॉनकडे बघितलं, सीटकडे बघितलं, टेबलावरच्या तुकड्यांकडे बघितलं. मग तो तेलाच्या पिंपावर बसला. "मला म्हणाला टेप सरकली," तो म्हणाला. "मी सख्खा भाऊ. मला सुद्धा."

"मला सुद्धा तेच."

"फोनबूथ मी म्हटलं गं. पहिल्यांदा मीच."

"मीही हसले," लव्हॉन म्हणाली.

ग्रेशनने एक तुकडा उचलून खांबावर धरून बघितला. "लागेल," तो म्हणाला. "पण दोन गोष्टी सांगतो, बाई. वेळ नाही, म्हणजे जोड घासून लपवता येणार नाहीत. आणि कटरने जेवढं खाल्लं तेवढं गेलं. वर एक रेघ, खाली एक रेघ. ते काही मी परत आणू शकत नाही."

"किती?"

त्याने अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. मधून जेमतेम उजेड दिसत होता.

दोन दिवस लागले. ड्वेनने ग्रेशनला तुकडे धरून दिले, एकही विनोद न करता. खांबांवर वर-खाली वेल्डिंगच्या जाड रेघा राहिल्या, त्यांवर ग्रेशनने राखाडी रंगाचा हात मारला. काळ्या गाडीला चारी बाजूंनी बँडेज बांधल्यासारखं दिसत होतं. काचा परत बसवताना ग्रेशनला त्यांच्या कडा किंचित घासाव्या लागल्या.

ईलीहून उत्तरेला निघाले तेव्हा लव्हॉन उजवीकडे बसली होती. सरळ. पहिल्याच खड्ड्याला तिच्या केसांना वरून काहीतरी लागलं. डोकं नव्हे, नुसते केस. टप त्यांना हळूच शिवत होता. खड्डा आला की शिवायचा, रस्ता सपाट झाला की सोडायचा. कटरने खाल्लेलं तेवढंच अंतर. तिला वाटलं, थोडी खाली सरकून बसावं. मग वाटलं, नको.

काही मैल गेल्यावर ड्वेनने तिच्याकडे बघितलं आणि गाडी हळू केली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आवाज नव्हता, हुंदका नव्हता. तिला स्वतःलाही ते हनुवटीवरून पर्सवर पडलं तेव्हा कळलं.

"थांबू का गं?" ड्वेनने विचारलं.

"नको. खड्डे चुकवू नकोस तेवढे," ती म्हणाली.

मिठावर पोचले तेव्हा गाड्यांची रांग लागली होती. पांढऱ्या जमिनीवर ऊन असं की डोळे उघडे ठेवता येईनात. व्हर्जिल पोक पिवळ्या गाडीतून उतरून काठी टेकत आला. खांबांवरच्या राखाडी रेघा त्याने बोटाने चाचपल्या, वर बघितलं, खाली बघितलं. मागोमाग चार जण जमले. सगळ्यांच्या ओठांवर हसू येऊन थांबलं होतं.

"ड्वेन," व्हर्जिल म्हणाला, "कापलेला टप परत कोण लावतं रे? कुठल्या गाढवाने सांगितलं तुला?"

लव्हॉन दार उघडून उतरली. मिठावर उभी राहिली. कोणीही पाठीत बोट खुपसलं नव्हतं, तरी ती पूर्ण उभी राहिली, व्हर्जिलपेक्षा वीतभर वर.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "वेंडलने टप माझ्या मापाचा कापला होता. मी उंच आहे."

व्हर्जिलने खांबावरचं बोट काढून घेतलं, टोपी काढली, आणि ती कुठे ठेवावी ते न कळून हातातच धरली. ऊन फार होतं, म्हणून लव्हॉन पुन्हा गाडीत जाऊन बसली.